ह्यूरन सरोवरातील जलमग्न जहाजे व श्वासरोधी बुडी

ह्यूरन हे उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांपैकी एक गोड्या पाण्याचे सरोवर. त्याच्या तळाशी मुख्यतः एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत बुडालेल्या जहाजांचे अवशेष मोठ्या संख्येने आढळतात. गोडे व थंड पाणी यांमुळे त्यांपैकी कित्येक लाकडी जहाजे बुडाली त्या स्थितीत, काही तर डोलकाठ्यांसह, उभी आहेत. ही जहाजे कोठे व कशी शोधली जातात, श्वास रोखून मारलेल्या एका बुडीत त्यांपैकी कोणती पाहता येतात आणि ती किती काळ टिकतील, हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. पाण्याची खोली, तापमान आणि पारदर्शकता यांचा परिणाम शोध, बुडी व जतन या तिन्हींवर होतो. विशेषतः १९९० नंतर वाढलेल्या पारदर्शकतेने अवशेष पाहणे सुलभ झाले. परंतु ज्या कारणाने ती वाढली, तेच कारण अवशेषांच्या नाशाला हातभार लावीत आहे.

सरोवराचे स्वरूप : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्य व कॅनडातील आँटॅरिओ प्रांत यांच्या दरम्यान पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ सु. ५९,६०० चौ. किमी. असून क्षेत्रफळाच्या दृष्टीने गोड्या पाण्याच्या सरोवरांत त्याचा जगात तिसरा क्रमांक लागतो. त्याची सरासरी खोली सु. ५९ मी. व कमाल खोली सु. २२९ मी. आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सु. १७६ मी. उंचीवर आहे. सुपीरिअर सरोवराचे पाणी सेंट मेरीझ नदीतून आणि मिशिगन सरोवराचे पाणी मॅकिनॉ सामुद्रधुनीतून ह्यूरनमध्ये येते व दक्षिणेस सेंट क्लेअर नदीवाटे बाहेर पडते. ईशान्येकडील जॉर्जियन उपसागर ब्रूस द्वीपकल्प व मॅनिटूलिन बेट यांनी मुख्य सरोवरापासून जवळजवळ अलग केलेला आहे. ब्रूस द्वीपकल्पाचा किनारा चुनखडकाच्या जातीच्या डोलोमाइट खडकाचा, कड्यांचा व पाण्याखालील उभ्या भिंतींचा आहे. पश्चिमेचा मिशिगन किनारा तुलनेने सखल असून त्यालगत चुनखडकाच्या उथळ पट्ट्या दूरवर पाण्यात शिरलेल्या आहेत. पहिल्या किनाऱ्यावर काठापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी मिळते, तर दुसऱ्यावर उथळ पाण्यात मोडलेल्या जहाजांचे सांगाडे सापडतात.

हिमयुगानंतरच्या काळात सरोवराची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती. ॲल्पीना (मिशिगन) ते अँबर्ली (आँटॅरिओ) अशी सरोवराच्या मध्यातून जाणारी खडकाळ धार त्या वेळी कोरडी होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना २००९ मध्ये व त्यानंतर या धारेवर, आज पाण्याखाली असलेल्या भागात, दगडांच्या रांगांची रचना आढळली. सु. ९,००० वर्षांपूर्वी कॅरिबू जातीच्या हरणांचे कळप विशिष्ट वाटेने हाकून त्यांची शिकार करण्यासाठी ती उभारली असावी, असे मानले जाते. म्हणजेच या सरोवराचा तळ हा जहाजांपलीकडे मानवी इतिहासाचाही एक संग्रह आहे.

जहाजे बुडण्याची कारणे व ठिकाणे : ला साल या फ्रेंच प्रवाशाचे ‘ल ग्रिफॉन’ हे जहाज १६७९ मध्ये ह्यूरनमधून मिशिगन सरोवरात गेले व परतीच्या प्रवासात नाहीसे झाले. ते सापडल्याचे दावे अनेकदा झाले. परंतु त्यांपैकी एकही निर्विवाद ठरलेला नाही. मोठ्या प्रमाणावरील नौकानयन सुरू झाले ते १८२५ मध्ये ईअरी कालवा आणि १८५५ मध्ये सुपीरिअर सरोवराकडील जलपाशांचा कालवा खुला झाल्यावर. पश्चिमेकडील गहू, लाकूड, लोहधातुक व तांबे पूर्वेकडे आणि पूर्वेचा कोळसा व स्थलांतरित माणसे पश्चिमेकडे, अशी वाहतूक याच मार्गाने होई.

सुपीरिअर व मिशिगन या दोन्ही सरोवरांकडून येणारे मार्ग ह्यूरनच्या वायव्य भागात एकत्र येतात. तेथून दक्षिणेकडे जाणारी जहाजे मिशिगनचा किनारा धरून जात आणि प्रेस्क आयल व थंडर बे या भागांत त्यांना वळण घ्यावे लागे. अरुंद पट्ट्यात दोन्ही दिशांची दाट रहदारी, वसंत ऋतूतील धुके, लपलेल्या खडकाळ पट्ट्या आणि नोव्हेंबरातील वादळे यांमुळे येथे टकरी व अपघात वारंवार घडले. या भागाला ‘जहाज-अवशेषांची गल्ली’ असे नाव पडले आहे. व्यापाराचा हंगाम संपण्यापूर्वी आणखी एक फेरी करण्याचा मालकांचा आग्रहही कित्येक अपघातांच्या मुळाशी होता. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या दिवसांतील वादळात पंचमहासरोवरांवर बारा जहाजे बुडाली व २५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी आठ जहाजे एकट्या ह्यूरनमध्ये सर्व खलाशांसह नष्ट झाली.

अवशेष टिकण्याची कारणे : खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लाकडी जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टेरेडो हा लाकूड पोखरणारा, कृमीसारखा दिसणारा मृदुकाय प्राणी. उष्ण समुद्रात तो उघडे लाकूड अल्पावधीत चाळणीसारखे करून टाकतो. गोव्याच्या किनाऱ्याजवळील सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून केलेल्या संशोधनात सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराशी संबंधित जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व मातीची भांडी अशा टिकाऊ वस्तूंचाच मुख्यतः भरणा होता. ह्यूरनमध्ये टेरेडो जगू शकत नाही. शिवाय खोल पाण्याचे तापमान वर्षभर ४° से. च्या आसपास राहत असल्याने लाकूड कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंची वाढ मंद असते व क्षारांच्या अभावी लोखंडही सावकाश गंजते. लाटा व बर्फ यांचा मारा मात्र उथळ पाण्यात तीव्र असतो. त्यामुळे सामान्यतः १० मी. पेक्षा कमी खोलीवरील जहाजे फळ्या, वासे, बाष्पके व यंत्रे यांच्या विखुरलेल्या राशींच्या रूपात, तर ३० मी. पेक्षा अधिक खोलीवरील जहाजे बव्हंशी सलग स्थितीत आढळतात. श्वासरोधी बुडीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वांत सुस्थितीतील जहाजे तिच्या आटोक्याबाहेर असतात. तिच्या आटोक्यातील जहाजे बहुधा मोडलेली, परंतु भरपूर उजेडात असतात.

शोधाच्या पद्धती : शोधाचा आरंभ पाण्यावर होत नाही, तो कागदपत्रांपासून होतो. जहाजनोंदणीची दप्तरे, विमा कंपन्यांची कागदपत्रे, दीपगृहांच्या व जीवरक्षक ठाण्यांच्या रोजनिशा, चौकशीतील साक्षी आणि तत्कालीन वृत्तपत्रे यांवरून जहाज कोठून निघाले, शेवटचे कोठे दिसले, वारा कोणत्या दिशेचा होता व मालाचे अवशेष कोणत्या किनाऱ्यास लागले हे ठरविले जाते. या माहितीवरून नकाशावर संभाव्य क्षेत्र आखतात. मच्छीमारांची जाळी ज्या ठिकाणी वारंवार अडकतात, त्या ठिकाणांची माहितीही मोलाची ठरते. ॲल्पीना येथील सार्वजनिक ग्रंथालयात सी. पॅट्रिक लाबादी या इतिहासकारांनी जमविलेला जहाजविषयक संग्रह या कामी महत्त्वाचे साधन मानला जातो.

कागदपत्रांचा अंदाज चुकीचाही ठरू शकतो. ‘कॉर्नेलिया बी. विंडिएट’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १८७५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर गहू घेऊन मिलवॉकीहून बफलोकडे निघाले व नाहीसे झाले. मॅकिनॉ सामुद्रधुनी ओलांडताना ते कोणाच्याही नजरेस न पडल्यामुळे ते मिशिगन सरोवरात बुडाले, असे शतकाहून अधिक काळ समजले जात होते. १९८६ मध्ये ते ह्यूरनमध्ये प्रेस्क आयलच्या परिसरात सु. ५६ मी. खोलीवर डोलकाठ्यांसह उभे असलेले सापडले. अवशेषाच्या शोधामुळे इतिहासातील नोंद अशा रीतीने दुरुस्त झाली.

संभाव्य क्षेत्र ठरल्यावर पार्श्वदर्शी सोनार हे मुख्य साधन वापरतात. माशाच्या आकाराचे एक उपकरण नौकेमागून दोरखंडाने ओढत नेतात. त्याच्या दोन्ही बाजूंनी ध्वनिस्पंद बाहेर पडतात व तळावरील वस्तूंवरून परावर्तित होऊन परत येतात. थंड गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,४५० मी. असतो. परतीच्या ध्वनीची तीव्रता व त्यास लागलेला वेळ यांवरून तळाची प्रतिमा तयार होते. लाकूड, लोखंड व खडक यांच्यावरून ध्वनी जोराने परततो, तर चिखलावरून क्षीणपणे. उभ्या वस्तूमागे ध्वनी न पोहोचल्याने काळी सावली पडते व तिच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. डोलकाठ्या पुष्कळदा प्रथम ओळखू येतात त्या त्यांच्या सावलीवरूनच. शेतात नांगराचे तास एकमेकांलगत घालावेत, तशी नौका समांतर ओळींत फिरवितात व शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढतील अशी काळजी घेतात. चुंबकत्वमापकाने लोखंडी नांगर, साखळदंड, बाष्पके यांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा स्थानिक बदल टिपता येतो. चिखलात गाडलेल्या अवशेषांसाठी हे साधन विशेष उपयोगी पडते. अनेक शलाकांच्या सोनारने तळाचा त्रिमितीय नकाशा मिळतो. आढळलेली वस्तू जहाजच आहे की खडक, याची खातरजमा दूरनियंत्रित यंत्राच्या कॅमेऱ्याने किंवा पाणबुड्यांकडून करून घेतात. जहाजाची लांबी, डोलकाठ्यांची संख्या, यंत्राचा प्रकार व झालेली मोडतोड ही कागदपत्रांतील वर्णनाशी जुळली, म्हणजे ओळख निश्चित होते.

साध्या साधनांनीही महत्त्वाचे शोध लागले आहेत. १९१३ च्या वादळात बुडालेले ‘वेक्सफर्ड’ हे पोलादी जहाज २००० मध्ये आँटॅरिओच्या किनाऱ्याजवळ सु. २३ मी. खोलीवर सापडले. ते प्रथम दिसले ते एका हौशी नौकाचालकाच्या मासे शोधण्याच्या लहान यंत्रावर. पाणी निवळ असताना उथळ भागातील अवशेष विमानातून वा हेलिकॉप्टरमधूनही दिसतात. शेजारच्या मिशिगन सरोवरात २०१५ च्या एप्रिलमध्ये तटरक्षक दलाच्या गस्ती हेलिकॉप्टरमधून असे अनेक अवशेष टिपले गेले.

‘आयर्नटन’चा शोध : कागदपत्रे व यंत्रे यांचा मेळ कसा बसतो, हे ‘आयर्नटन’ या जहाजाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हे ५८ मी. लांबीचे, तीन डोलकाठ्यांचे जहाज २६ सप्टेंबर १८९४ रोजी मध्यरात्रीनंतर एका आगबोटीमागून ओढून नेले जात होते. आगबोटीचे यंत्र बंद पडल्यावर धोका टाळण्यासाठी ओढीचा दोर तोडण्यात आला व वाऱ्यावर वाहत गेलेले ‘आयर्नटन’ समोरून येणाऱ्या ‘ओहायओ’ या लाकडी मालवाहू आगबोटीवर आदळले. ‘ओहायओ’वरील सर्व खलाशी वाचले. ‘आयर्नटन’वरील सात जण जीवरक्षक होडीत उतरले, परंतु होडीचा दोर जहाजापासून सुटला नाही व बुडत्या जहाजाबरोबर ती खाली खेचली गेली. पाच जण बुडाले. हा वृत्तांत वाचलेल्या दोघांनी सांगितला होता.

थंडर बे राष्ट्रीय सागरी अभयारण्याच्या संशोधकांना २०१७ मध्ये ‘ओहायओ’चा अवशेष सापडला. टकरीचे एक टोक असे निश्चित झाल्यावर त्या दिवशीच्या वाऱ्याचा विचार करून शोधक्षेत्र पुन्हा आखण्यात आले. २०१९ मध्ये माणसाविना चालणाऱ्या नौकेवरील सोनारच्या साहाय्याने ‘आयर्नटन’ सापडले व मार्च २०२३ मध्ये हा शोध जाहीर करण्यात आला. जहाज तळावर सरळ उभे असून तिन्ही डोलकाठ्या जागेवर आहेत. त्याच्या पिछाडीशी जीवरक्षक होडी अद्याप दोराने बांधलेली आहे. वाचलेल्या खलाशांच्या कथनाला एकशे पंचवीस वर्षांनी असा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. होडी वा दोर तेथून कोणी हलविला असता, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

श्वासरोधी बुडी : श्वसनसाधन न वापरता, पृष्ठभागावर घेतलेल्या एका श्वासावर मारलेल्या बुडीस श्वासरोधी बुडी म्हणतात. पाण्यात दर सु. १० मी. खोलीस दाब एक वातावरण इतका वाढतो. परिणामी फुप्फुसांतील हवेचे घनफळ १० मी. वर निम्मे व ३० मी. वर एकचतुर्थांश होते. कानांतील दाब पहिल्या एकदोन मीटरांपासूनच समान करावा लागतो. चेहऱ्याला थंड पाण्याचा स्पर्श होताच हृदयाचे ठोके मंदावतात व रक्तप्रवाह हातापायांकडून मुख्य इंद्रियांकडे वळतो. या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे ऑक्सिजनाची बचत होते. परंतु थंडीने कापरे भरल्यास ऑक्सिजनाचा खर्च उलट वाढतो.

गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सु. अडीच टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे समुद्रात सराव केलेल्या माणसास येथे कमरेचे वजन कमी करावे लागते, ७० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक दीड ते दोन किग्रॅ. भरतो. समुद्रातील वजन तसेच ठेवल्यास ती व्यक्ती अपेक्षेपेक्षा कमी खोलीवरच बुडू लागते. उन्हाळ्यात सरोवराच्या वरच्या थराचे तापमान सु. २०° से. पर्यंत चढते, परंतु ऑगस्टमध्ये साधारणपणे १० ते २० मी. खोलीच्या दरम्यान तापमान एकाएकी उतरते व त्याखाली ४° ते ६° से. तापमानाचे पाणी असते. पाणी ४° से. ला सर्वाधिक जड असल्याने हे थंड पाणी तळाशी स्थिर राहते. वारा किनाऱ्याकडून सरोवराकडे सतत वाहिल्यास वरचा उबदार थर दूर लोटला जातो व थंड पाणी एका दिवसात काठाशी वर येते. म्हणून जाड रबरी पोशाख उन्हाळ्यातही आवश्यक असतो. मात्र दाबाने हा पोशाख चेपला जाऊन खोलवर त्याची ऊब व तरणशक्ती दोन्ही कमी होतात.

बुडीची ठिकाणे : ठिकाण निवडताना खोली, तळाचा प्रकार, वाऱ्यापासून आडोसा, नौकांची रहदारी व बाहेर पडण्याची सोय या गोष्टी नाविक नकाशावरून आधी पाहाव्या लागतात. ॲल्पीनाजवळच्या भागात उन्हाळी हंगामात अनेक अवशेषांवर तरंगते खांब नांगरलेले असतात. त्यांना नौका बांधता येत असल्याने नांगर टाकून अवशेषाची मोडतोड होत नाही व बुडी मारणारास खाली जाण्यासाठी दोराचा आधारही मिळतो.

या भागातील ‘ऑल्बनी’ या १८५३ मध्ये फुटलेल्या चाकाच्या आगबोटीचे अवशेष सु. दीड मी. आणि ‘पोर्टलंड’ या १८७७ मध्ये फुटलेल्या शिडाच्या जहाजाचे अवशेष सु. दोन मी. पाण्यात आहेत. ते पृष्ठभागावर पोहतही पाहता येतात. १९०७ मध्ये जळालेली ‘मोनोहॅन्सेट’ ही लाकडी आगबोट थंडर बे बेटाजवळ सु. साडेपाच मी. खोलीवर आहे, तिचा सांगाडा, बाष्पक व यंत्रसामग्रीचे भाग स्पष्ट दिसतात. १९६६ मध्ये खडकाळ पट्टीवर चढलेले ‘नॉर्डमेअर’ हे जर्मन मालवाहू जहाज सु. १२ मी. पर्यंतच्या पाण्यात मोडून पडले आहे. १९१४ मध्ये जळालेल्या ‘माँटॅना’चा तळ सु. १९ मी. वर असून तिचे वाफेचे यंत्र तळापासून उंच उभे आहे. तेथपर्यंतची बुडी केवळ प्रशिक्षितांनीच मारावी अशी आहे.

कॅनडाच्या बाजूस ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेले टोबरमॉरी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. तेथे १९८७ मध्ये ‘फॅदम फाइव्ह’ हे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. उद्यानात वीसहून अधिक जहाजांचे अवशेष आहेत. ‘स्वीपस्टेक्स’ हे १८६७ मध्ये बांधलेले शिडाचे जहाज १८८५ मध्ये कोव्ह बेटाजवळ आदळले. बिग टब या बंदरात ओढून आणल्यावर ते तेथेच बुडाले. ते सु. ६ मी. खोलीवर जवळजवळ सलग अवस्थेत आहे. बंदराच्या आडोशामुळे लाटा व बर्फ यांपासून ते बचावले. उथळ पाण्यातील जहाजे मोडलेली असतात या नियमाला ते अपवाद ठरते. जवळच १९०७ मध्ये जळालेल्या ‘सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स’ या आगबोटीचा सांगाडा आहे.

जहाजांव्यतिरिक्त तळावरील नैसर्गिक रचनाही पाहण्यासारख्या आहेत. ॲल्पीनाजवळ मिडल बेटालगत सु. २३ मी. खोलीवर चुनखडक विरघळून झालेला एक खळगा आहे. त्यातून झिरपणाऱ्या, सल्फेटयुक्त व ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या भूजलात जांभळ्या रंगाच्या सूक्ष्मजीवांचे थर वाढतात. पृथ्वीवरील आरंभीच्या जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी ते उपयुक्त मानले जातात.

धोके व दक्षता : श्वासरोधी बुडीतील सर्वांत घातक प्रकार म्हणजे वर येताना शुद्ध हरपणे. श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यत्वे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने निर्माण होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. बुडीपूर्वी भरभर व खोल श्वास घेतल्यास कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो व धोक्याची ही सूचनाच उशिरा मिळते. खोलवर दाबामुळे फुप्फुसांतील ऑक्सिजन पुरेसा वाटतो. परंतु वर येताना दाब उतरताच त्याचा अंशदाब झपाट्याने घटतो. म्हणून शुद्ध बहुधा अखेरच्या १० मी. मध्ये किंवा पृष्ठभागावर आल्यावर हरपते व पूर्वसूचना जवळजवळ नसते. यावर उपाय एकच. दोघांनी आळीपाळीने बुडी मारावी. एक खाली असताना दुसऱ्याने वरून लक्ष ठेवावे, त्यास अखेरच्या टप्प्यात सोबत करावी आणि वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हलवू नये. दोन बुड्यांमध्ये निदान बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती घेतली पाहिजे.

जहाजांच्या अवशेषांमुळे धोक्यात भर पडते. अडकलेली मासेमारीची जाळी, दोर व अणकुचीदार लोखंड यांत माणूस गुंतू शकतो. सांगाड्याच्या आत शिरल्यास वर येण्याचा सरळ मार्ग राहत नाही व तळाचा गाळ ढवळून क्षणात काही दिसेनासे होते. एका श्वासावर आत शिरणे म्हणूनच वर्ज्य मानावे. खाली असलेल्या पाणबुड्याच्या श्वसनसाधनातून हवा घेणे हेही प्राणघातक ठरू शकते. ती हवा दाबाखालील असल्याने श्वास रोखून वर येताना प्रसरण पावते व फुप्फुसे फाटतात. पांढऱ्या तिरप्या पट्ट्याचा तांबडा ध्वज पाण्यावर लावणे मिशिगनमध्ये बंधनकारक असून इतर नौकांनी त्यापासून सु. ६० मी. दूर राहावे असा नियम आहे.

शिंपल्यांचा उपद्रव : काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातील झेब्रा व क्वागा या जातींचे लहान शिंपले परदेशी जहाजांच्या संतुलनासाठी भरलेल्या पाण्यातून पंचमहासरोवरांत आले. झेब्रा शिंपला १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळला. क्वागा त्यानंतर लवकरच आला. क्वागा थंड व खोल पाण्यातही वाढतो व त्याने ह्यूरनच्या तळाचा मोठा भाग व्यापला आहे. हे शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातात. त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ निवळ झाले व अवशेष दुरून दिसू लागले. बुडी मारणारांस सुखावणारी ही पारदर्शकता वस्तुतः सरोवरातील अन्नसाखळीच्या ऱ्हासाची खूण आहे.

शिंपले चिवट तंतूंनी लाकूड व लोखंड यांस चिकटतात. त्यांचे थरावर थर चढून डोलकाठ्या व कठडे यांवर भार पडतो, कोरीव काम व जहाजाचे नाव झाकले जाते आणि थराखालील लोखंडी खिळे व पट्ट्या अधिक वेगाने गंजतात. खिळे निकामी झाले, की फळ्या सुटून सांगाडा कोसळतो. शिंपले खरवडून काढल्यास लाकडाचा पृष्ठभागही त्यांबरोबर निघतो, म्हणून तो उपाय व्यवहार्य नाही. सुपीरिअर सरोवराच्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्याने तेथे हा उपद्रव मर्यादित राहिला; ह्यूरनला ते संरक्षण नाही. शतकभर जवळजवळ अविकृत राहिलेली जहाजे आता काही दशकांत ढासळण्याची शक्यता आहे. या कारणास्तव छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करून प्रत्येक अवशेषाची सद्यःस्थिती नोंदविण्याचे काम निकडीचे झाले आहे.

कायदे व संरक्षण : अवशेषांची हानी केवळ निसर्गाकडून झाली नाही. ‘पिवॅबिक’ ही आगबोट १८६५ मध्ये आपल्याच कंपनीच्या ‘मीटिअर’ या जहाजाशी टक्कर होऊन तांब्याच्या मालासह बुडाली. ते तांबे वर काढण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत अनेक पाणबुड्यांचा बळी गेला. १९१७ मध्ये बराच माल काढण्यात यश आले. श्वसनसाधनांचा प्रसार झाल्यावर हौशी पाणबुड्यांनी घंटा, सुकाणूची चाके, दिवे व भांडी स्मृतिचिन्हे म्हणून मोठ्या प्रमाणात नेली. याला आळा घालण्यासाठी मिशिगन राज्याने १९८० मध्ये कायदा करून सरोवरतळावरील बेवारस जहाजांना संरक्षण दिले. संघराज्याच्या १९८७ च्या कायद्यान्वये अशा जहाजांवर राज्यांचा मालकी हक्क प्रस्थापित झाला. थंडर बे येथील राष्ट्रीय सागरी अभयारण्य २००० मध्ये घोषित झाले. पंचमहासरोवरांतील ते पहिले होय. २०१४ मध्ये त्याचे क्षेत्र सु. १,१६० चौ. किमी. वरून सु. ११,१०० चौ. किमी. पर्यंत वाढविण्यात आले. अभयारण्याचे संग्रहालय ॲल्पीना येथे आहे. आँटॅरिओतही अवशेष हलविण्यास वा उत्खननास परवाना लागतो. दोन्ही देशांत पाहण्यास मुभा व नेण्यास मनाई, हे तत्त्व स्वीकारलेले आहे.

नवा अवशेष सापडल्यास त्याचे स्थान व खोली नोंदवून, त्यास स्पर्श न करता, संबंधित शासकीय यंत्रणेस कळविणे अपेक्षित असते. कित्येक स्थाने पाहणी पुरी होईपर्यंत जाहीर केली जात नाहीत. यामागे पुरातत्त्वीय हेतूबरोबर मानवी कारणही आहे. २९ नोव्हेंबर १९६६ रोजी वादळात दुभंगलेल्या ‘डॅनिएल जे. मॉरेल’ या जहाजावरील २९ जणांपैकी एकच वाचला. त्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सु. ८ किमी. अंतरावर बुडाले, कारण यंत्रे चालू असलेला मागील भाग तुटल्यानंतरही पुढे जात राहिला होता. अशी जहाजे त्यांवरील माणसांच्या समाधीही आहेत. श्वासरोधी बुडीत हवेचे बुडबुडे सुटत नाहीत. त्यामुळे पाटातनाखाली हवा साचून लाकूड उचलले जाणे वा लोखंड गंजणे हे श्वसनसाधनांमुळे संभवणारे परिणाम टळतात. त्या दृष्टीने अवशेषांचे निरीक्षण करण्याचा हा कमीत कमी उपद्रवाचा मार्ग आहे. स्थानिक बुडी मारणारांनी वर्षानुवर्षे एकाच जागेवरून घेतलेली छायाचित्रे अवशेषांच्या ऱ्हासाचा वेग मोजण्यास उपयोगी पडू शकतात.